पोशीरच्या बाईंचे बुधवार

प्रभुभोजनाची भाकर पोशीरच्या बाईच करून आणायच्या, आणि ती वाटायची वेळ झाली की त्याच उठून बाहेर जायच्या. आमची ख्रिस्ती मंडळी कर्जतला एका दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये जमते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई घरून बिनमिठाची, बेखमीर पोळी करून पांढऱ्या रुमालात गुंडाळून आणायच्या आणि पुढच्या मेजावर ठेवायच्या. उपदेश संपून पाळकांनी रुमाल उलगडला की त्या पदर सावरत उठायच्या, चपला पायात सरकवायच्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायच्या. आत गीत सुरू झालं की बाहेरून त्यांचाही आवाज यायचा. गाणं त्यांनी कधी सोडलं नाही. सगळं आटोपल्यावर आत येऊन त्या रिकामं ताट उचलायच्या आणि विचारायच्या, "सगळ्यांना पुरली ना?"

मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. माझं माहेर जालन्याचं. नवरा खोपोलीकडच्या एका कारखान्यात पाळीवर, घरात दिवसभर मी एकटी. इथली हवा दमट, भाषा वेगळी, ओळखीचं कुणी नाही. मंडळीत सगळे हसून "सलाम" करायचे आणि उपासना संपली की आपापल्या घरी जायचे. पहिल्या दिवशी बाईंनीच माझा हात धरला. "मंजू ना तू? दहिवलीत कुठे राहतेस? मी पण तिथलीच. चल, बरोबर जाऊ." त्या दिवसापासून आम्ही बरोबरच जायला लागलो.

बाई मूळच्या नगरकडच्या, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या घरातल्या. नोकरी मात्र सगळी पोशीरच्या प्राथमिक शाळेत झाली, म्हणून कर्जतपासून नेरळपर्यंत त्या पोशीरच्या बाई. निवृत्त झाल्यावरही रस्त्याने जाताना कुणीतरी मोटारसायकल थांबवायचा. मिशी आलेला, पोट सुटलेला माणूस एकदम दुसरीतल्या मुलासारखा उभा राहायचा. "बाई, बसा ना मागं, सोडतो घरापरेंत." बाई मागे बसायच्या आणि बसता बसता विचारायच्या, "एकोणिसाचा पाढा येतो का रे अजून?" तो म्हणायचा, "बाई, आता मोबाइल हाय ना!" बाईंना हे उत्तर कधीच पटायचं नाही.

नदीच्या बाजूला एका चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा दाराबाहेरच थांबले, कारण आत त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मध्येच थांबायच्या, मग पुन्हा "हो, पण तसं नाही ना ते" असं काहीतरी म्हणायच्या. पाहुणे आलेत असं वाटून मी परत निघाले, तर शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "जा आत. कोन नाय. बाईंची प्रार्थना चाललीय." बाई प्रार्थना अशीच करायच्या, मोठ्याने, समोर माणूस बसल्यासारखी. पुढे पुढे मला कळलं की त्या घरात दिवसभरात तेवढंच बोलणं होत असे. मुलगा अविनाश पुण्याला. नवरा नाही. टीव्ही त्यांनी ठेवला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्यातली माणसं माझं ऐकत नाहीत गं."

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. उभं राहून सांगायचं, माझं तारण कसं झालं, मी आधी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं. काहीजण दिवस, वार, वेळ सगळं सांगतात. दारू सुटलेली असते, आजार बरा झालेला असतो, ऐकताना अंगावर काटा येतो. एकदा पाळकांनी बाईंना पुढे बोलावलं. त्या उभ्या राहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "प्रभूने मला वाचवलं, यात मला शंका नाही. मी मात्र अजून त्याला शोभेन अशी वागत नाही. काम चालू आहे." आणि खाली बसल्या. कुणीतरी 'आमेन' म्हणायला गेलं आणि मध्येच थांबलं.

घरी जाताना मी त्यांना म्हटलं, "बाई, किती थोडं बोललात." त्या म्हणाल्या, "तारण झालं की नाही हे रविवारी हॉलमध्ये कळत नाही. सोमवारी नळावर कळतं." यात विनोद नव्हता. चाळीत पाणी सकाळी थोडा वेळ यायचं आणि नळावर रोज तंटा व्हायचा. बाईंचा स्वभाव मुळात तापट, आवाज शाळेत कमावलेला. एका सोमवारी शेजारच्या काकूंनी नंबर सोडून हंडा पुढे सरकवला आणि बाईंनी त्यांना असं झापलं की काकू रडायला लागल्या. संध्याकाळी मी गेले तेव्हा बाई काकूंच्या दारात उभ्या होत्या. "सकाळी मी फार बोलले. चुकलं माझं." काकू गोंधळल्या. "अवो बाई, असू द्या. नंबर तर मीच सोडला व्हता." बाई म्हणाल्या, "तो तुमचा विषय. मी माझं सांगायला आले." त्यानंतर काकू पाण्याच्या वेळी बाईंचा हंडा आधी लावायच्या आणि बाईंना ते मुळीच आवडायचं नाही.

मग एका पहिल्या रविवारी मीही त्यांच्या मागून बाहेर गेले आणि पायरीवर बसले. त्या रागावल्या. "तू का आलीस? आत जा." मी म्हटलं, "तुम्ही का नाही?" आत गीत चाललं होतं. ते संपेपर्यंत बाई बाहेरून गात राहिल्या. मग त्यांनी मला सांगितलं.

त्यांचे यजमान शमुवेलकाका कुंभिवलीला एका कारखान्यात फिटर होते. हायवेवर लोधिवलीजवळ सुमन नावाच्या बाईची खानावळ होती. ड्रायव्हर, कामगार तिथे जेवायचे. शमुवेलकाकाही दुपारचे जेवायला लागले, मग रात्रीचे, मग घरी येईनासेच झाले. अविनाश तेव्हा शाळेत होता. बाई पोशीरला जायच्या, शिकवायच्या, परत यायच्या. कुणी विचारलं तर "यजमान ड्यूटीवर आहेत" म्हणायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. बरीच वर्षं काका तिकडेच राहिले आणि तिकडेच हृदयविकाराने गेले. त्यांना कर्जतला आणून पुरलं. सुमनबाई मातीला आल्या नाहीत. हे सगळं मी येण्याच्या आधीचं.

"त्यांना मी क्षमा केली," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला क्षमा करणं सोपं असतं, तो उलट काही करत नाही. पण ती बाई जिवंत आहे. तिचे केस गुडघ्यापर्यंत आहेत म्हणे. हे एकदा मला म्हणाले होते, नुसतं कौतुकाने, तेव्हा काही घडलंही नव्हतं. मला ते केसच दिसतात. ते कुणीतरी कापावेत असं वाटतं. हे मनात ठेवून मी ती भाकर तोंडात घालू?"

मी म्हटलं, "पण पाळक तर म्हणतात, आपली सगळी पापं माफ झालीत."

"माझी झालीत. ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर आत बसवत नाही. प्रभूने मला एवढं सगळं सोडलं आणि मी एका बाईचे केस सोडत नाही."

पाळकांनी त्यांना कितीदा तरी समजावलं होतं. इतकं कठोर होऊ नका, भोजन हे दुबळ्यांसाठीच असतं, असं ते म्हणायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पायरीवर बसायच्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चारफाट्यावर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. तो चौक गावाकडे टेंपो चालवायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अडखळत म्हणाला, "बाई, सांगू का नको कळत नाय. ती लोधिवलीची सुमन हाय ना, तिचे डोले गेले. शुगरनं. खानावल बंद हाय. भाऊ-भावजय बोलत नायत तिच्याशी. कोन शेजारी देतंय ते खाते." बाईंनी त्याला, बायको कशी आहे, पोरगी कितवीत आहे, हे विचारलं आणि आम्ही भाजी घेऊन घरी आलो. मंगळवारी संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या मोकळी आहेस का? लोधिवलीला येशील का माझ्याबरोबर? एकटीने जायला पाय उचलत नाही."

बुधवारी आम्ही चौकपर्यंत टमटमने गेलो आणि तिथून दुसऱ्या रिक्षाने लोधिवलीला. घर विचारायला लागलं नाही. खानावळीचा पत्रा अजून होता, त्यावरचा रंग उडालेला. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात एक बाई सुपात तांदूळ घेऊन बोटांनी चाचपत खडे काढत बसली होती. केस पांढरे, खरंच लांब, पण जटा व्हाव्यात तसे गुंतलेले. पावलं वाजली तशी तिने मान वर केली.

"कोन हाय?"

"मी. कर्जतची."

"कर्जतची कोन?"

बाईंनी पदर घट्ट धरला होता. "शमुवेलची बायको."

सुपातली बोटं थांबली. समोरून हायवेचा आवाज येत होता, ट्रकमागून ट्रक. सुमनबाई म्हणाल्या, "भांडाया आलाव का?"

"ठरवून काही आले नाही," बाई म्हणाल्या.

"मंग बसा. चटई तितंच असंल कुठंतरी."

आम्ही बसलो. बाईंनी ते सूप स्वतःकडे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागल्या. निवडून झाल्यावर उठून चुलीकडे गेल्या. तिथे खरकटी भांडी पडली होती, ती घासली. भात लावला, पिठलं केलं. सुमनबाईंनी दोनदा "राहू द्या" म्हटलं आणि मग म्हणायचं सोडलं. ताट समोर ठेवल्यावर त्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड फिरवून जेवल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या "या" म्हणाल्या नाहीत आणि बाईंनीही "येते" म्हटलं नाही.

मला वाटलं होतं, परतताना बाई हलक्या झालेल्या असतील. टमटममध्ये त्यांचा चेहरा लाल होता. "खुंटीला ह्यांचा शर्ट आहे. निळ्या रेघांचा. मी घेतलेला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज काही झालं नाही गं मंजू. मला तिचा रागच आला. जेवताना सुद्धा आला." मी म्हटलं, "मग आता नका जाऊ." त्या बाहेर बघत राहिल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा माझ्या दारात उभ्या.

मग दर बुधवार ठरून गेला. कधी मी बरोबर असायची, पुढे मला मुलगा झाल्यावर बाई एकट्याच जायच्या. औषधं आणायच्या, चिठ्ठी वाचून कुठली गोळी कधीची ते सुमनबाईंच्या हाताला ओळखू येईल अशा वेगवेगळ्या डब्यांत घालून ठेवायच्या. दोघींचं फारसं गोड नव्हतं. सुमनबाई खानावळवाल्या, त्यांना दुसऱ्याचा स्वयंपाक पसंत पडणं कठीण. "बाई, तुमचं कालवण नुसतं तिखट असतंय. जरा आमसूल घाला की." बाई म्हणायच्या, "आमच्याकडे नाही घालत." एकदा त्या वांग्याची भाजी करून घेऊन गेल्या. सुमनबाई बोटं चाटत म्हणाल्या, "हां. ही ती भाजी. सांगायचे ते. हिच्यासारखं वांगं कुनाला जमत नाय म्हणायचे." बाईंचा हात थांबला. मला वाटलं, आता त्या उठून जातील. त्या म्हणाल्या, "मग खायला यायचं होतं की घरी." सुमनबाई हसायला लागल्या. बाई आधी ओठ दाबून बसल्या, पण त्यांनाही आवरलं नाही. मी तिथे असून नसल्यासारखी. मला त्यात हसणं शक्यच नव्हतं.

मी त्यांना विचारलं होतं, एवढ्या वेळा जाता, आता तरी मनातून गेलं का? त्या म्हणाल्या, "काल भांडी घासली म्हणून आज घासायची राहतात का? क्षमेचं तसंच असतं. जेवण झालं की पुन्हा खरकटी."

या बुधवारांची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. अविनाशला कुणाकडून तरी कळलं. त्याने बापाची वाट बघण्यात लहानपण काढलं होतं, त्याच्या रागात खोटं काही नव्हतं. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, तुला लाज वाटत नाही, पण मला वाटते. तिच्याकडे जाणं बंद कर. नाहीतर मी तुझ्याकडे येणं बंद करतो." बाईंनी डोळे मिटून घेतले होते. म्हणाल्या, "तू येशील तेव्हा ये, बाळा. बुधवारी मी नसते. बाकी सगळे दिवस घरीच असते." पलीकडून फोन ठेवला गेला.

तो खरंच येईनासा झाला. महिन्यातून कधीतरी फोन, दोन वाक्यांचा. नाताळला बाईंनी करंज्या केल्या, त्याला आवडतात तशा ओल्या नारळाच्या. उपासनेहून आल्यावर नवीन पातळ नेसूनच त्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मी ताट घेऊन गेले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि चाळीतली पोरं खाली क्रिकेट खेळत होती. "आमच्याकडे चला ना बाई," मी म्हटलं. "नको. समजा आला तर कुलूप बघून परत जाईल." संध्याकाळ झाल्यावर त्यांनी करंज्या पोरांना वाटून टाकल्या. त्या रात्री त्यांच्या खोलीतून प्रार्थनेचा आवाज आला नाही, असं काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढच्या नाताळलाही तेच झालं. खुर्ची मात्र तेव्हाही होतीच.

मंडळीतही कुजबुज होती. एकीने सरळच विचारलं, "ती बाई प्रभूकडे येणार आहे का? बाप्तिस्मा वगैरे? नाहीतर एवढं जाऊन उपयोग काय?" बाई म्हणाल्या, "मी तिला कुठे न्यायला जात नाही. तिच्या घरी जाते." विचारणारीला ते उत्तर लागलं असावं. त्यानंतर उपासना सुटल्यावर पोशीरच्या बाईंभोवती पूर्वीसारखं कुणी थांबेना. त्या ताट-रुमाल पिशवीत घालायच्या आणि माझी वाट बघत जिन्याशी उभ्या राहायच्या. मला कधी मुलाचं दूध-पाणी करायला उशीर व्हायचा, मग एकट्याच निघायच्या. वरून बघितलं तर रस्त्याच्या कडेने त्या चाललेल्या दिसायच्या, शाळेला निघाल्यासारख्या ताठ.

अशाच एका पहिल्या रविवारी पाळकांनी रुमाल उलगडला आणि मी सवयीने बाईंकडे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. ताट फिरत त्यांच्यापर्यंत आलं. ताट फिरवणारे मंडळीतले भाऊ गडबडले, ताट तसंच पुढे नेऊ लागले. बाईंनी हात पुढे केला आणि तुकडा घेतला. स्वतः केलेली भाकर इतक्या वर्षांनी त्या पहिल्यांदा खात होत्या. पाळकांचा आवाज पुढच्या वाक्यात अडखळला.

वाटेत मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बुधवारी तिला न्हाऊ घातलं. केसांचा पार गुंता झाला होता. तेल लावून एकेक बट सोडवत बसले, अर्धी दुपार गेली त्यात. मग वेणी घातली. वेणी घालून झाल्यावर लक्षात आलं की हेच ते केस. तोपर्यंत आठवलंच नव्हतं." थोडं चालल्यावर पुढे म्हणाल्या, "मी काही केलं नाही गं. मी नुसती जात राहिले. ते कधी झालं ते मला कळलंही नाही." मग लगेच, "पण हे साक्षीत सांगायचं नाही हं. पुढच्या आठवड्यात पुन्हा राग आला तर काय करू?"

मागच्या हिवाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. जिना चढताना मध्येच थांबायच्या आणि भिंतीवरचं काहीतरी वाचत असल्यासारखं करायच्या. बुधवार सुटू दिला नाही. मी ओरडले तर म्हणाल्या, "तिथे गेल्यावर बसूनच असते मी." एका सकाळी काकूंनी मला धावत येऊन बोलावलं. रुग्णालयात नेलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. अविनाशला फोन करते म्हटल्यावर त्यांनी मानेने नको म्हटलं. "घाबरेल. गाडी वेगात चालवेल." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तिच्या गोळ्या शनिवारपर्यंतच आहेत." एवढंच. मला वाटलं होतं, काही वचन म्हणतील, प्रार्थना करतील. मी बाहेर जाऊन अविनाशला फोन केलाच. तो पोहोचला तेव्हा बाई गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माती होती. सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, सुमनबाईंना आणायला हवं. तो म्हणाला, "अविनाशला विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि मग मला आणता आलं नसतं. मी रिक्षा करून लोधिवलीला गेले. बाई गेल्याचं सांगितलं तेव्हा सुमनबाईंनी हात मागे नेऊन केस चाचपले. मग म्हणाल्या, "माजी येणी घाल गं. अशी कशी येऊ?" मला वेणी बाईंसारखी जमली नाही, पण घातली.

दफनभूमीत पोशीरची किती माणसं आली होती! मिशीवाले, पांढरे केस झालेले विद्यार्थी, सुना-लेकी, सगळे. मी सुमनबाईंचा हात धरून आत आले तशी गर्दी थोडी बाजूला झाली. अविनाशने आम्हाला पाहिलं. चेहरा दगडासारखा. तो कबरीच्या उशाशी जाऊन उभा राहिला. पाळकांनी प्रार्थना केली. मग मूठमाती द्यायला माणसं एकेक करून पुढे व्हायला लागली. माझा मुलगा रडायला लागला म्हणून मी क्षणभर सुमनबाईंचा हात सोडला, आणि त्या मूठभर माती घेऊन आपल्या आपणच पुढे निघाल्या. कडा कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं. माती भुसभुशीत होती, त्यांचं पाऊल सरकलं. मी ओरडले. तेवढ्यात उशाकडून अविनाश झेपावला आणि त्याने त्यांचा दंड पकडला.

त्याने त्यांना मागे ओढलं, पण दंड सोडला नाही. सुमनबाईंनी माती टाकली. ती आत पडल्याचा आवाज येईपर्यंत त्या थांबल्या, आणि तोही थांबला. मग त्याने हात सोडला, मागे वळला आणि गर्दीतून सरळ फाटकाबाहेर निघून गेला.

मी सुमनबाईंना सोडायला रिक्षात बसले. चौक आलं तशा त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "कोनी धरलं व्हतं गं मला?"

"अविनाशने. बाईंच्या मुलाने."

रिक्षा लोधिवलीच्या वळणाला लागली. "हात थरथरत व्हता त्याचा," त्या म्हणाल्या. "काल धरनं काय खाल्लेलं दिसत नाय पोरानं. जेवला का गं तो?"

मला माहीत नव्हतं. दोन दिवसांत हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं, कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांना घरात पोहोचवलं, गोळ्यांच्या डब्या हाताशी ठेवल्या आणि बाहेर येऊन हायवेच्या कडेला उभी राहून मी त्याला फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला. तो दहिवलीत आईच्या खोलीत होता, मागे काहीच आवाज नव्हता.

"अविनाश, सुमनबाई विचारतायत, तू जेवलास का?"

समोरून ट्रक जात होते, मी दुसरा कान हाताने दाबून धरला. फोन ठेवला असेल असं वाटलं. मग त्याचा श्वास ऐकू आला.

"नाही," तो म्हणाला. "त्यांना सांग, नाही जेवलो."